कॉमिक कॉनमध्ये टेबल लावायचंय? प्रेसमध्ये जाण्याआधी हे वाचा

कॉमिक कॉनला (कॉमिक्स, गेम, सिनेमांच्या चाहत्यांचा मेळावा) पहिल्यांदा टेबल लावणाऱ्यांचा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. आधी प्रेसमध्ये जाऊन भरपूर छापून घेतात, मग टेबल केवढं आहे ते विचारतात, आणि भाव ठरवतात ते थेट त्या दिवशी सकाळी, गिऱ्हाईक समोर उभं असताना. मग ए३ मापाच्या मोठ्या प्रिंटचे गठ्ठे जसेच्या तसे घरी येतात आणि स्टिकर मात्र शनिवारी दुपारीच संपलेले असतात.

खालचा क्रम मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनमधल्या आर्टिस्ट ॲलीतल्या (चित्रकारांच्या छोट्या टेबलांची रांग) एका टेबलासाठी आहे. दोन माणसं, दोन दिवस, आणि टेबलावर स्वतःच्या चित्रांचे प्रिंट-स्टिकर, स्वतः बनवलेल्या गेमचा डेमो, किंवा दोन्ही. मोठा स्टॉल घेणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

## १. जागा निवडा आणि अर्ज करा (तीन-चार महिने आधी)

गेम बनवणाऱ्यांनी आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्यावी: तुम्हाला खेळणारे हवेत की पैसे लावणारे? पब्लिशर, गुंतवणूकदार किंवा कामं देणारे स्टुडिओ हवे असतील तर इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्ससारख्या व्यावसायिक परिषदेला जा. कॉमिक कॉनला येतात ते कॉसप्लेवाले (पात्रांच्या वेशात येणारे), कॉलेजची मुलं, लहानग्यांना घेऊन आलेले आईबाप. ते खेळतील, हसतील, अडकतील, स्टिकर घेतील, पण तुमच्या गेमला पैसे पुरवणार नाहीत.

अर्जासोबत आठ-दहा चित्रं पुरतात. पन्नास पाठवू नका. निवडणारा पहिली पाच बघतो. त्यातली निम्मी तरी एकाच हातची, एकाच जातकुळीची वाटली पाहिजेत. पूर्वी कॉलेज फेस्टला किंवा सोसायटीच्या गणपतीत टेबल लावलं असेल तर त्याचा फोटो जरूर जोडा, कारण माल विकायची तयारी आहे हे त्यातून दिसतं. गेम असेल तर ३० ते ६० सेकंदांचा व्हिडिओ द्या, आणि त्यात पहिल्या पाच सेकंदांत खेळ दिसू द्या, लोगो नाही.

तपासा: गूगल ड्राइव्हची लिंक दिली असेल तर ती इनकॉग्निटो खिडकीत उघडून बघा. "परवानगी मागा" असं आलं, तर आयोजकालाही तेच दिसणार, आणि तो परवानगी मागत बसत नाही.

पैसे भरण्याआधी आयोजकांना ईमेलवर विचारायचं ते असं: टेबलाची नेमकी लांबी-रुंदी, मागे भिंत किंवा पॅनल आहे का, खुर्च्या आणि पास किती, विजेचा पॉइंट भाड्यात आहे की वेगळा, मांडणीची वेळ कोणती, रात्री हॉलला कुलूप आणि पहारा असतो का, आणि रद्द केल्यास पैसे किती परत. फोनवर मिळालेलं उत्तर धरू नका. गेमवाल्यांसाठी विजेचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण वेगळा पॉइंट घ्यावा लागला तर खर्च बराच वाढतो.

आता हक्कांचं. दुसऱ्याच्या कॉमिकमधलं किंवा ॲनिमेमधलं पात्र तुम्ही स्वतःच्या हाताने काढलं म्हणून त्याचा हक्क तुमचा होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात टीका, समीक्षा, खाजगी अभ्यास यांना सूट आहे; प्रिंट छापून विकण्याला नाही. कॉनमध्ये फॅनआर्ट सर्रास दिसतं हे खरं, पण ते हक्कदारांनी कानाडोळा केल्यामुळे, परवानगी दिल्यामुळे नव्हे. आयोजकांचे नियमही यावर असतात: स्वतःचं काम किमान किती हवं, एआयने केलेली चित्रं चालतील का. तेवढं पान नीट वाचा. सगळं टेबल फॅनआर्टवर उभं करू नका, कारण सकाळी कुणी येऊन "हे काढा" म्हणालं तर मागे उरायला काहीतरी हवं.

विठोबा, खंडोबा, मावळे, किल्ले हे कुणाच्या मालकीचे नाहीत. पण एखाद्या कॅलेंडरवरचं किंवा चित्रकाराचं विशिष्ट चित्र त्याचंच असतं, आणि चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत त्यावर हक्क राहतो. स्वतः रचना करा, गिरवू नका.

सावधान: देवाचं किंवा महाराजांचं चित्र पायाशी येईल, घाम पुसला जाईल, किंवा फाडून टाकलं जाईल अशा वस्तूवर छापू नका. पायपुसणं, मोजे, खाऊचं वेष्टन, सगळं वर्ज्य. टेबलापुढे वाद सुरू झाला की त्या दिवसाचा धंदा बसला.

जीएसटीबद्दल: महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फक्त माल विकताना वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. पण पुण्याचा माणूस बेंगळुरू किंवा हैदराबादला जाऊन टेबल लावतो तेव्हा तो त्या राज्यात "कॅज्युअल" करदाता ठरू शकतो, आणि त्या प्रकारात उलाढालीची मर्यादा लागू होत नाही. त्यासाठी अर्ज किमान ५ दिवस आधी करावा लागतो, अंदाजे कर आगाऊ भरावा लागतो आणि नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवसांची मिळते. परराज्यात जाताना सीएला एक फोन करा, तोही तिकीट काढण्याआधी.

## २. खर्च निघायला किती गिऱ्हाइकं लागतील?

हे गणित कागदावर मांडल्याशिवाय एकही डिझाइन सुरू करू नका. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला.

टेबलाचं भाडं १५,००० रुपये, प्रवास-मुक्काम-जेवण ६,०००, मांडणीचं सामान ३,०००. एकूण २४,०००. एक गिऱ्हाईक सरासरी ३५० रुपयांचा माल घेतं आणि त्या मालाला तुम्हाला छपाई-पाऊच धरून ७० रुपये पडलेत असं समजा. हातात उरले २८०. २४,००० भागिले २८०, म्हणजे ८६ गिऱ्हाइकं. दोन दिवसांचे १६ तास धरले तर तासाला पाच ते सहा.

तासाला सहा जण म्हणजे दर दहा मिनिटांनी एक. हे ऐकायला सोपं वाटतं, पण सकाळचा पहिला तास लोक हॉल फिरून बघतात, विकत घेत नाहीत. खरी विक्री दुपारी बारानंतर. तेव्हा गर्दीच्या तासांत दर पाच मिनिटांनी एक गिऱ्हाईक सांभाळायची तयारी हवी, आणि ती एकट्याने होत नाही.

सरासरी ३५० ऐवजी १०० रुपयांवर आली (म्हणजे टेबलावर फक्त स्टिकर असले) तर हातात ८० उरतात आणि गिऱ्हाइकं ३०० लागतात. फक्त स्टिकरवर टेबल निघत नाही ते यामुळे.

## ३. माल ठरवा

प्रेसवाला चित्र मोजत नाही, शीट मोजतो. डिजिटल प्रेसची १३ बाय १९ इंची शीट धरली तर तिच्यावर एक ए३, किंवा दोन ए४, किंवा चार ए५, किंवा आठ ए६ कडेच्या ब्लीडसकट (कापताना जाणारा जादा रंगीत भाग) बसतात. समजा लॅमिनेशन आणि कटिंग धरून शीट ६० रुपयांना पडली:

ए३ विकलं ५००ला: एका शीटमागे ५०० रुपये.
ए४ विकलं ३००ला: एका शीटमागे ६०० रुपये.
ए५ विकलं १५०ला: एका शीटमागे ६०० रुपये.
ए६ विकलं ६०ला: एका शीटमागे ४८० रुपये.

म्हणजे मधली मापं फायद्याची. ए३ हा टेबलावर लांबून दिसण्यासाठी असतो. लोक तो बघून थांबतात आणि तेच चित्र ए४मध्ये घेतात. लोकल ट्रेनने घरी जाणारा माणूस ए३ची नळी हातात घेऊन उभा राहायला कचरतो, हेही एक कारण.

पहिल्या वेळेसाठी एक माफक साठा:

ए३: ४ चित्रं, प्रत्येकी ८ प्रती.
ए४: ८ चित्रं, प्रत्येकी १२ प्रती.
ए५: ६ चित्रं, प्रत्येकी २० प्रती.
स्टिकर शीट, १०० रुपयांची: ६ प्रकार, प्रत्येकी २५ प्रती.

प्रिंटसाठी लागतात ११० शीट. सगळा माल विकला तर ७८ हजारांच्या आसपास येतात. वरच्या हिशोबाने त्यातला ३० हजारांचा गेला की खर्च निघाला. उरलेला पुढच्या कॉनला चालतो, म्हणून साल किंवा कार्यक्रमाचं नाव प्रिंटवर छापू नका.

पिन बॅज करायचे असतील तर एक माप लक्षात ठेवा. ५८ मिमीच्या बॅजसाठी कागद साधारण ७० मिमीचा गोल कापावा लागतो, कारण कड मागे वळते. चेहरा, अक्षरं, सही हे मधल्या ५० मिमीच्या आत ठेवा. नाहीतर पात्राची हनुवटी मागच्या बाजूला जाते.

भाव शक्यतो ५०च्या पटीत ठेवा. १९९, २४९ असले भाव टेबलावर निव्वळ त्रास देतात: सुट्टे पुरत नाहीत आणि गर्दीत बेरीज चुकते. जोडीचा भाव एकच ठेवा, उदाहरणार्थ "दोन ए४, ५००". तीन-चार प्रकारच्या सवलती लावल्या की गिऱ्हाईक हिशोबात अडकतं आणि "नंतर येतो" म्हणून निघून जातं.

## ४. फाइल तयार करा (सहा आठवडे आधी)

माप: ए३ म्हणजे २९७ × ४२० मिमी. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड धरून ३०३ × ४२६. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) हे साधारण ३५७९ × ५०३२ पिक्सेल होतात. इन्स्टाग्रामसाठी काढलेलं १०८० पिक्सेलचं चित्र ताणून हे भरत नाही, आणि सॉफ्टवेअरने मोठं केलं तरी केसांच्या रेषा चिकट दिसतात. ज्याची मूळ फाइल लहान आहे ते चित्र ए५ किंवा ए६ला वापरा.

अनेक प्रेसमध्ये आधी "१२ बाय १८"चीच शीट पुढे केली जाते. ती ३०५ मिमी रुंद असते. ३०३ मिमीचं ब्लीडसकटचं ए३ तिच्यावर बसल्यासारखं वाटतं, पण मशीन कडेचे काही मिमी छापतच नाही, म्हणून एका बाजूला पांढरी रेघ येते. ए३ला कडेपर्यंत रंग हवा असेल तर "१३ बाय १९" असं स्पष्ट सांगा.

रंग: पडद्यावरचा विजेरी निळा, निऑन हिरवा, जांभळट गुलाबी हे सीएमवायके (चार शाईंच्या) छपाईत मळतात. डिजिटल आर्टमध्ये नेमके हेच रंग जास्त असतात. फोटोशॉप, क्रिटा किंवा क्लिप स्टुडिओमध्ये सॉफ्ट प्रूफ (छपाईतला रंग पडद्यावर दाखवणारी सोय) लावून बघा आणि रंग स्वतः दुरुस्त करा. प्रेसच्या ऑपरेटरवर सोडू नका. काही प्रेस आरजीबी (पडद्याच्या रंगांतली) पीडीएफच मागतात आणि रूपांतर मशीनवर करतात. त्यांना विचारूनच फाइल बनवा.

देवनागरी: चित्रात मराठी मजकूर असेल तर तो कर्व्हमध्ये (अक्षरांऐवजी रेषांच्या आकारांत) बदलूनच पाठवा. प्रेसच्या संगणकावर तुमचा फाँट नसला किंवा सॉफ्टवेअर जुनं असलं की जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. ऑपरेटरला घाईत ते दिसत नाही, गिऱ्हाइकाला लगेच दिसतं. कर्व्ह केलेल्या फाइलची वेगळी प्रत ठेवा, कारण तिच्यात पुन्हा मजकूर बदलता येत नाही.

स्टिकरसाठी कापायची रेषा वेगळ्या लेअरवर, वेगळ्या ठळक रंगात द्या. प्रेसच्या भाषेत "हाफ कट" म्हणजे स्टिकर कापला जातो, मागचा कागद अखंड राहतो. "फुल कट" म्हणजे आरपार. हे न सांगितल्यामुळे सहा चित्रांची अखंड शीट सुटे तुकडे होऊन हातात येते. चित्राची कड आणि कट यांत किमान २ मिमी पांढरी पट्टी ठेवा. मशीन अर्धा-एक मिमी सरकतंच.

## ५. छपाई: आधी चाचणी, मग ऑर्डर (चार आठवडे आधी)

चाचणी म्हणजे प्रत्येक चित्राची एक प्रत, त्याच मशीनवर, त्याच कागदावर, त्याच लॅमिनेशनसकट. घरच्या इंकजेटवर काढलेली प्रत चाचणी नव्हे. "सेम टू सेम येईल" असं प्रेसवाला म्हणेल, तरी काढा. आठ-दहा शीटचे पाच-सहाशे रुपये जातात आणि शंभर शीट वाचतात.

चाचणीची प्रत ट्यूबलाइटखाली आणि दिवसाच्या उजेडात, दोन्हीकडे बघा. पाहायचं ते हे: काळोखी भागातला तपशील बुडालाय का, त्वचेचा रंग लालसर झालाय का, कड सरळ कापली आहे का, आणि कागद वाकवल्यावर गडद रंगाला तडा जातोय का.

कागद: प्रिंटसाठी ३०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट कार्ड पुरतं. १७० जीएसएमचा प्रिंट हातात पोस्टरसारखा लोंबतो आणि त्याला ३०० रुपये मागताना तुम्हालाच अवघड वाटतं. मॅट लॅमिनेशनवर दिव्यांची चकाकी येत नाही, पण गडद काळ्या चित्रावर बोटांचे ठसे आणि ओरखडे उठून दिसतात. अशी चित्रं प्रेसमधून येताच पाऊचमध्ये घाला.

अंतिम ऑर्डर कॉनच्या किमान दोन आठवडे आधी द्या. दिवाळीच्या आधीचे आठवडे, लग्नसराई आणि निवडणुका यांत प्रेस तुमच्या दीडशे शीटना हात लावत नाही.

तपासा: माल घेताना प्रेसमध्येच गठ्ठे मोजा आणि प्रत्येक गठ्ठ्यातली वरची, मधली, खालची प्रत काढून बघा. छपाईचा रंग गठ्ठ्याच्या मध्यातच बदललेला असतो. घरी नेल्यावर तक्रार केली तर ऐकणारं कुणी नसतं.

## ६. गेमवाल्यांसाठी: डेमो

कॉनचा डेमो म्हणजे तुमच्या गेमचा पहिला अध्याय नव्हे. पाच ते आठ मिनिटांत संपणारा, ३० सेकंदांत समजणारा, आणि शेवटी स्पष्ट "संपलं" असं सांगणारा वेगळा बिल्ड (गेमची चालवायला तयार प्रत) हवा. कथेची प्रस्तावना काढून टाका. शेजारी ढोल वाजत असताना कुणी संवाद वाचत नाही.

बिल्डमध्ये हे असलंच पाहिजे:

एक, ६० सेकंद कुणी हात लावला नाही तर आपोआप पहिल्या पडद्यावर परत. मुलं अर्ध्यात सोडून पळतात आणि पुढचा माणूस मधूनच सुरू करतो. त्याला काहीच कळत नाही, आणि दोष गेमला लागतो.

दोन, इंटरनेटशिवाय सगळं चालणं. हॉलचं वायफाय आणि मोबाइल नेटवर्क दुपारी बसतं. लॉगिन, क्लाउड सेव्ह, ऑनलाइन लीडरबोर्ड बंद करा.

तीन, तुमच्यासाठी गुप्त कळ: एका दाबात रीसेट. बिल्ड मोडला तर बंद करून उघडायला २० सेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत.

चार, मराठी मजकूर असेल तर तो खऱ्या बिल्डमध्ये वाचून बघितलेला. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरी थेट टाकली की जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी बिघडते. गोडो ४मध्ये देवनागरी नीट जुळते. युनिटीवर असाल आणि वेळ कमी असेल तर शीर्षकं आणि बटणांचा मजकूर चित्र म्हणून टाका.

लॅपटॉपवर विंडोज अपडेट थांबवा, स्लीप बंद करा, सूचना बंद करा. शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर उघडणारं स्टिकी कीजचं खिडकं आठवणीने बंद करा. कीबोर्डवर उड्या मारणारा गेम असेल तर ते दर तासाला एकदा उघडतंच. अँड्रॉइड फोनवर डेमो असेल तर स्क्रीन पिनिंग, आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस लावा, नाहीतर लोक तुमचं व्हॉट्सॲप उघडून बसतात. फोन टेबलाला केबलने बांधा.

कंट्रोलर वायरचे घ्या. एका हॉलमध्ये शेकडो ब्लूटूथ उपकरणं चालू असताना बिनवायरीचा कंट्रोलर अडखळतो आणि खेळणारा म्हणतो, गेम लॅग करतोय. एक जादा कंट्रोलर आणि एक जादा हेडफोन पिशवीत ठेवा.

वीज: गेमिंग लॅपटॉपचा ॲडाप्टर १८० ते २४० वॉटचा, मॉनिटर ३० वॉटच्या आसपास. साध्या ६ ॲम्पिअरच्या पॉइंटवर २३० व्होल्टने साधारण १३८० वॉट मिळतात, म्हणजे दोन लॅपटॉप आरामात चालतात. पण शेजारच्याने त्याच बोर्डवर चहाची किटली लावली तर फ्यूज उडतो. पाच मीटरची, स्विच असलेली एक्स्टेंशन न्या आणि वायर जमिनीला गॅफर टेपने (जाड कापडी टेप) चिकटवा. बहुतेक हॉलमध्ये रात्री वीज बंद करतात, तेव्हा चार्जिंगला काही ठेवून जाऊ नका.

स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, विशलिस्ट (लोकांनी पुढे घ्यायला नोंदवलेल्या गेमची यादी) हवी असेल तर पान कॉनच्या आधी उघडं झालेलं असावं. नोंदणीची फी १०० डॉलर, त्यानंतर बँक-कराची पडताळणी आणि पानाची तपासणी, यात काही आठवडे जातात. टेबलावर क्यूआर ठेवाच, पण फोनच्या ब्राउझरमध्ये लोक स्टीमला लॉगिन नसतात. तिथेच निम्मे गळतात. म्हणून कार्डावर गेमचं नाव स्टीमच्या शोधात जसं टाइप करायचं तसंच, मोठ्या अक्षरांत छापा.

आणि कुणी खेळत असताना मागून "उजवीकडे जा, उजवीकडे" सांगू नका. तो जिथे अडकतो ती जागा वहीत टिपा. एकाच ठिकाणी पाच जण अडकले तर चूक लेव्हलची.

## ७. टेबल घरी मांडून बघा (एक आठवडा आधी)

डायनिंग टेबलावर किंवा जमिनीवर चिकटपट्टीने आयोजकांनी दिलेलं माप आखा आणि त्यात सगळं मांडा. मोबाइलने तीन मीटरवरून फोटो काढा. फोटोत भाव वाचता येत नसेल तर पाटी लहान आहे.

नवख्यांची हमखास चूक म्हणजे सगळा माल आडवा पसरणं. गर्दीत लोकांना टेबलाचा पृष्ठभाग दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. माल डोळ्यांच्या उंचीला न्या: लोखंडी जाळीची पॅनल, केबल टाय आणि क्लिपा. जाळी मागून जड वस्तूने दाबा किंवा टेबलाला बांधा, कारण कॉसप्लेवाल्यांचे पंख आणि तलवारी लागतात. टेबलावर जमिनीपर्यंत पोचणारं एकरंगी कापड घाला. खाली साठ्याचे खोके लपतात. नक्षीचं कापड नको, चित्रं त्यात हरवतात.

मांडणीला किती वेळ लागला तो मोजा. ४५ मिनिटांवर गेला तर काहीतरी कमी करा.

## ८. पैसे घ्यायची सोय

बहुतेक लोक यूपीआयने देतात, म्हणून दोन वेगवेगळ्या बँकांचे क्यूआर न्या. एक अडकला की दुसरा. साउंडबॉक्स असेल तर उत्तम, कारण गोंगाटात फोन बघत बसावं लागत नाही. स्क्रीनशॉट दाखवून निघणाऱ्याला नम्रपणे थांबवा: पैसे तुमच्या ॲपमध्ये किंवा साउंडबॉक्सवर आले तरच आले. दर सकाळी आपला क्यूआर स्वतः स्कॅन करून बघा, वर कुणी दुसरा चिकटवलेला नाही ना.

सावधान: पैशांचा क्यूआर आणि इन्स्टाग्रामचा क्यूआर शेजारी-शेजारी ठेवू नका. लोक पेमेंट ॲपने इन्स्टाग्राम स्कॅन करतात, "होत नाहीये" म्हणतात आणि रांग तुंबते. एक टेबलावर, दुसरा मागच्या जाळीवर, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरांत काय ते लिहा.

रोख रक्कम: दहा, वीस, पन्नास, शंभरच्या नोटांत मिळून २,००० रुपये सुट्टे. आदल्या दिवशी बँकेत नाही, किराणावाल्याकडे मागा.

## ९. बांधाबांध

३०० जीएसएमचा एक ए३ प्रिंट सुमारे ३७ ग्रॅम, ए४ त्याच्या निम्मा. वर सांगितलेला प्रिंटचा साठा चार किलोंच्या आसपास भरतो. पण प्रत्येक ए४मागे एक मिमीचा ग्रे बोर्ड (जाड पुठ्ठा) घातला तर त्या गठ्ठ्याचं वजन जवळजवळ तिप्पट होतं. विमानाने जाणाऱ्यांनी बोर्ड फक्त टेबलावर मांडायच्या प्रतींना लावावा. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या पिशवीतच.

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग महाराष्ट्रात चालत नाहीत. कागदी पाकिटं न्या. पिशवीत कात्री, गॅफर टेप, दुहेरी टेप, मार्कर, जादा क्लिपा, ओले रुमाल आणि दोन लिटर पाणी.

## १०. ते दोन दिवस

मांडणीच्या वेळेच्या सुरुवातीलाच पोचा. उशिरा आलात तर मालाच्या लिफ्टपाशी अर्धा तास जातो.

एकाने बोलायचं, दुसऱ्याने पैसे घेऊन पाकीट भरायचं. दोघांनी एकाच वेळी जेवायला जायचं नाही. उभं राहा, खुर्चीत बसून आयपॅडमध्ये मान घातलेल्या माणसाशी कुणी बोलायला येत नाही. "काही हवंय का?" असं विचारू नका, त्याला उत्तर "नाही, बघतोय" हेच येतं. त्याच्या टी-शर्टवरच्या पात्राबद्दल किंवा त्याने हातात घेतलेल्या चित्राबद्दल एक वाक्य बोला आणि थांबा.

जागेवर चित्र काढून देत असाल तर एकामागे १५ मिनिटं धरा, तासाला तीनच घ्या, पैसे आधी घ्या आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या. लहान मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू किंवा टाकू नका.

पहिल्या दिवशी रात्री दहा मिनिटं काढून काय संपत आलंय ते मोजा. जे संपतंय त्याचा भाव रविवारी वाढवू नका, शनिवारचं गिऱ्हाईक मित्रांना घेऊन परत येतं. जे हललं नाही ते जाळीवरून काढून तिथे दुसरं लावा. रविवारी दुपारनंतर घाबरून भाव पाडू नका. शेजारच्या टेबलवाल्यांनाही त्याचा फटका बसतो आणि ते पुढच्या वेळी ओळख दाखवत नाहीत.

## ११. परत आल्यावर

पहिल्या दोन दिवसांत तीन कामं. साठा मोजून प्रत्येक चित्राच्या नेलेल्या आणि विकलेल्या प्रती वहीत लिहा. ज्यांनी ऑर्डर किंवा काम विचारलं त्यांना मेसेज टाका; आठवडा गेला की ते विसरतात. आणि यूपीआयचा हिशोब रोख गल्ल्याशी जुळवा.

गेमवाल्यांनी अडकलेल्या जागांची यादी घेऊन आधी त्या दुरुस्त कराव्या, नवी लेव्हल नंतर.

पुढच्या कॉनला काय छापायचं ते या वहीवरून ठरवा. ज्या चित्राच्या निम्म्याहून कमी प्रती गेल्या ते पुन्हा छापू नका, कितीही आवडतं असलं तरी. उरलेल्याच प्रती न्या. जे पहिल्या दिवशी संपलं त्याच्या प्रती दीडपट करा, तिप्पट नाही, कारण दुसऱ्या शहरात आवड बदलते. उरलेले प्रिंट आडवे, पाऊचसकट, सिलिका जेलच्या पुड्या घालून खोक्यात ठेवा. उभे ठेवले तर कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात कडा वळतात, आणि वळलेला प्रिंट ५० रुपयांनाही जात नाही.